चौथ्या नळीतली मावशी

"मॅडम, तुमच्या ओठावर ते झालंय ना, ते कोणाचा पापा घेतल्यामुळे झालंय का?"

तोंड टकळीचं होतं, पण प्रश्न काही तिचा नव्हता. प्रश्न होता मागच्या बाकावरच्या लांबू आणि भिंगरी या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींचा. पैज अशी लागली होती की टकळीने हे सगळ्या वर्गासमोर विचारलं, तर त्या दोघी महिनाभर तिचं दप्तर तिसऱ्या मजल्यापर्यंत वाहतील. समोर उभ्या होत्या विषाणूंवर संशोधन करणाऱ्या एक बाई. शाळेने त्यांना विज्ञानाच्या तासाला बोलावलं होतं. त्यांच्या खालच्या ओठाच्या कोपऱ्यात बारीक फोडांचा पुंजका आला होता आणि मागची वीस मिनिटं अख्खा वर्ग फळा सोडून तिकडेच बघत होता.

वर्षापूर्वी टकळीने मेली तरी हे विचारलं नसतं. कारण तसलाच पुंजका तिच्या ओठावरही वर्षातून दोनदा यायचा, नेमका परीक्षेच्या तोंडावर, आणि ती तोंडाला रुमाल लावून पेपर लिहायची. सहावीपासून वर्गात तिचं नाव 'रुमालवाली' पडलं होतं. मग यंदा जूनमध्ये एके दिवशी ती रुमाल घरी विसरली. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, आभाळ काही कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने तो मुद्दाम विसरला. त्यानंतर सहावीपासून रुमालामागे साठलेलं सगळं बोलणं असं धोधो बाहेर आलं की महिन्याभरात तिचं नाव बदलून 'टकळी' झालं. टकळीला हे नाव भलतंच आवडलं.

वर्गशिक्षिकांचा चेहरा चुन्यासारखा झाला. पाहुण्या बाईंनी मात्र खडू खाली ठेवला.

"हो," त्या म्हणाल्या. "माझ्या आजीचा पापा. मी दीड वर्षाची होते."

वर्ग हसला. बाई हसू ओसरेपर्यंत थांबल्या.

"तुम्हीही हसू नका फार. तुमच्यातल्या निम्म्याअधिकांकडे तो असेलच. लहानपणी कोणीतरी लाडाने पापा घेतं, विषाणू आत येतो आणि कानाजवळच्या एका मज्जातंतूच्या गाठीत जाऊन झोपतो. जन्मभर तिथेच. दमलात, ताप आला, ऊन लागलं की उठतो, ओठापर्यंत फिरून येतो आणि परत जाऊन झोपतो. मी सोळा वर्षं त्याच्याच नोकरीत आहे."

"म्हणजे?" टकळीने विचारलं. हा प्रश्न तिचा स्वतःचा होता.

"म्हणजे मी एवढंच बघते की, तो आत शिरतो तेव्हा त्याचा डीएनए जागोजागी तुटलेला असतो. फाटक्या कपड्यात पाहुणा यावा तसा येतो. मग तो शिवतं कोण? त्याची माणसं, की घरातली?"

टकळीने यावर एकामागून एक अकरा प्रश्न विचारले. घंटा झाली. बाईंनी एका कागदावर पत्ता लिहून तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "सुट्टीत चार आठवडे ये. शाळेतून कोणालातरी पाठवा असं आम्ही दरवर्षी सांगतो, येत कोणी नाही."

घरी ही हकिगत ऐकून आईचा हात आपल्या ओठाकडे गेला. तिच्याही ओठावर यायचं कधीकधी. "म्हणजे तुला माझ्यामुळे," एवढंच ती म्हणाली आणि कणीक मळत राहिली. टकळीने मागून तिच्या गळ्यात हात टाकले. "अगं, तुझ्यामुळेच तर मला नोकरी लागली," ती म्हणाली, आणि आईला हसावंच लागलं.

*

प्रयोगशाळेतलं टकळीला पहिलं काय आवडलं असेल, तर तो तिथला आवाज. कुठलं ना कुठलं यंत्र सतत मंद गुणगुणत असायचं, एक थांबलं की दुसरं धरायचं. लांब पांढरी टेबलं, बर्फाचे डबे, करंगळीच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या नळ्या. शेवटी थंड खोली, तिचं दार उघडलं की पायांवर धुकं यायचं. जिवंत विषाणूंची खोली वेगळी होती, तिच्या दारावर लाल पट्टी होती आणि टकळीने तिथे पाऊल टाकायचं नाही हे बाईंनी पहिल्या पाच मिनिटांत तीनदा सांगितलं. बाहेरच्या टेबलावर मात्र फक्त विषाणूची प्रथिनं असत, बर्फात बसवलेली, निरुपद्रवी.

"हे पहिलं," बाई एक नळी उजेडात धरून म्हणाल्या. आत पाण्यासारखं पाणी. "डीएनए म्हणजे दोन पदरांचा धागा. हे प्रथिन तुटल्या टोकापासून एक पदर कुरतडत जातं. दुसरा पदर मग एकटा लोंबकळत राहतो."

"उंदीरमामा," टकळी म्हणाली.

"आणि हे दुसरं." दुसरी नळी, तिच्यातही पाण्यासारखं पाणी. "हे त्या एकट्या पदराला धरतं, त्याचा गुंता होऊ देत नाही, आणि त्याला जुळणारा दुसरा एकटा पदर सापडला की दोघांना एकत्र आणतं. झालं, धागा जुळला."

टकळीने थोडा विचार केला. रस्त्याच्या दोन बाजूंना चुकलेली दोन पोरं, आणि दोघांना दोन हातांना धरून पलीकडे नेणारी कोणीतरी. "ही मावशी," ती म्हणाली.

बाईंनी भुवया उंचावल्या. पण आठवड्याभरात त्यांच्याही तोंडात तेच बसलं. "मावशी बर्फात आहे ना?" "उंदीरमामा संपत आलाय, मागवायला हवा." एकदा त्या विभागप्रमुखांशी फोनवर बोलताना मावशी म्हणून गेल्या आणि मग त्यांना बराच वेळ खुलासा करावा लागला.

बाईंच्या डोक्यात सहा वर्षांपासून एक किडा वळवळत होता. पेशीकडेही अशी प्रथिनं असतात. आपला स्वतःचा डीएनए रोज तुटतो, काही उन्हाने, काही नुसत्या जगण्याने, आणि पेशीची माणसं तो निमूट जुळवत बसतात. मग मावशी नसेल त्या वेळी विषाणूचा धागा पेशीची एखादी काकू जुळवत असेल का? आपलं काय, परक्याचं काय, तुटलंय ना मग आण इकडे, असा स्वभाव असेल तिचा. बाईंनी खूप वेळा बघितलं होतं. काकू कधी दिसली नव्हती.

चौथ्या आठवड्यात त्यांनी टकळीला स्वतंत्र प्रयोग दिला. सहा नळ्या. सगळ्यांत तुटका धागा आणि उंदीरमामा. काहींत मावशी, काहींत मावशीऐवजी तेवढंच खारं पाणी. काहींत पेशींचा अर्क, काहींत नाही. खरी नळी चौथी. तिच्यात पेशींचा अर्क होता आणि मावशीच्या जागी नुसतं खारं पाणी. ती जुळली तर काकू आहे.

"एकच नियम," बाई म्हणाल्या. "नळीत घातलं की ती स्टँडच्या मागच्या रांगेत ठेवायची. तेवढा थेंब डोळ्यांना दिसत नाही. घातलं की नाही हे नळीकडे बघून कळत नाही, रांगेकडे बघूनच कळतं."

तो दिवस टकळीला पुढे किती वेळा आठवून बघावा लागणार होता, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुपार होती. खिडकीतून ऊन तिरकं येऊन बर्फाच्या डब्यावर पडलं होतं आणि बर्फाचा एकेक खडा आतून पेटल्यासारखा दिसत होता. यंत्र गुणगुणत होतं. पहिल्या नळीत मावशी घातली, मागे ठेवली. दुसरीत घातली, मागे. तिसरीत खारं पाणी, मागे. आणि मग ती नळीच्या आत गेली.

आत खूप शांत होतं. उजेड हिरवट, पाण्याखाली असतो तसा, आणि दोरखंडाएवढे जाड धागे हळूहळू वळत वरून खाली येत होते. एका धाग्याच्या टोकाशी उंदीरमामा बसून मन लावून कुरतडत होता, मान वर न करता. त्याच्या मागे एकटा पदर लांबलांब मोकळा होत होता, आणि त्या पदरावर एकामागून एक मावश्या येऊन उभ्या राहत होत्या, लुगड्याचे काठ नीट करत, प्रत्येकीने एकेक घडी हातात धरलेली. "गुंता नको रे बाळा," त्या म्हणत होत्या. लांबून दुसरा एक पदर तरंगत आला, त्यावरही मावश्या. दोन्हीकडच्या मावश्यांनी एकमेकींना ओळखलं. इकडचा पदर तिकडच्या पदराला लागला, सुटला, जरा सरकून पुन्हा लागला आणि या वेळी लागलेलाच राहिला. मावश्या एकेक करून बाजूला झाल्या. टकळीही त्यांच्यात होती. तिच्या हातातली घडी रेशमासारखी गार होती.

बाहेर कोणीतरी कपाट लावलं. टकळीने डोळे उघडले, खरं तर ते उघडेच होते. चौथी नळी मागच्या रांगेत उभी होती. थेंब मोजून सोडायचं पिपेट हातात होतं. तिने पाचवी केली, सहावी केली, वहीत सहाही नळ्यांपुढे एकदम बरोबरच्या खुणा केल्या आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे उरलेली मावशी फेकून दिली, कारण एकदा वितळलेली मावशी पुन्हा गोठवायची नसते.

दुसऱ्या दिवशी सगळं जेलवर चढवलं. जेल म्हणजे पारदर्शक, थरथरणारी चौकोनी वडी. विजेच्या ओढीने धागे तिच्यातून खाली सरकतात, आखूड धागा भरभर खाली जातो, जुळलेला लांब धागा वरच रेंगाळतो. बाईंनी खोलीत अंधार करून दिवा लावला. सहा रांगा चमकल्या. चौथ्या रांगेत, वरच्या बाजूला, एक पट्टी होती. नीट, ठसठशीत.

बाई स्टुलावर बसल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या. मग, "सोमवारी सगळ्या विभागासमोर सांगू. तू माझ्या शेजारी उभी राहा."

*

टकळी घरी चालत आली, पण तिचे पाय जमिनीला लागत होते की नाही हे सांगता येणार नाही. रस्त्यातल्या दुकानांच्या काचांमध्ये तिला सगळीकडे चमकणाऱ्या पट्ट्या दिसत होत्या. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. त्या दिवशी तिचा फोन आल्यावर त्यांनी बारा मजली इमारतीत अडकलेल्या प्रत्येक माणसाला पोरीची बातमी सांगून मगच बाहेर काढलं होतं.

"मला कळेल असं सांग," जेवताना ते म्हणाले. "अगदी पहिल्यापासून. काय काय केलंस?"

टकळीने टेबलावर सहा पेले मांडले. पाण्याचा तांब्या ही मावशी, मिठाची बाटली हे खारं पाणी. "हं, ही पहिली. मावशी घातली. मागे."

"तुझ्या खऱ्या मावशीला कळलं ना, की तू तिला नळीत घालतेस," आई म्हणाली.

"ही दुसरी. मावशी. मागे. तिसरी. खारं पाणी. मागे." टकळीचा हात चौथ्या पेल्यावर गेला. दुसरा हात तांब्या आणि बाटली यांच्या मधोमध हवेत थांबला.

तो हात कुठे गेला होता?

तिने डोळे मिटून बघितलं. ऊन दिसलं, बर्फाचे पेटलेले खडे दिसले, मावश्या दिसल्या, त्यांचे काठसुद्धा दिसले. हात दिसेना.

टकळी गप्प झाली की त्या घरात घड्याळ ऐकू येतं. ते ऐकू यायला लागलं.

"मग?" बाबा म्हणाले. "पुढे?"

"पुढे तसंच," टकळी म्हणाली आणि पेले गोळा केले.

तिला झोप लागली तीही तुटकतुटक. कोणाला कळणार होतं? वहीत खूण होती. नळीतली प्रथिनं धुऊन टाकली होती, नळी रिकामी झाली होती, मावशीचा उरलेला थेंब कचऱ्यात होता. तिच्याशिवाय कोणाकडेच ही शंका नव्हती, आणि तिच्याकडेही शंकाच होती. कदाचित खारं पाणीच घातलं असेल. कदाचित काकू खरंच असेल. सोमवारी बाईंच्या शेजारी उभं राहायचं, आणि लांबू-भिंगरीला फोटो पाठवायचा. एवढं सोपं होतं.

*

सकाळी बाई जेलचा फोटो वहीत चिकटवत होत्या. चारही कोपऱ्यांना गोंद लावून, लग्नाचा फोटो लावावा तसा.

"बाई, चौथ्या नळीत मी काय घातलं ते मला आठवत नाही."

बाईंचं बोट फोटोवरच राहिलं. "वहीत खूण आहे तुझी."

"खुणा मी शेवटी केल्या. सहाही एकदम."

"पण नळी मागे ठेवली होतीस."

"नळी मागे होती. पण मी ती ठेवली तेव्हा मी तिथे नव्हते."

"कुठे होतीस मग?"

"आत," टकळी म्हणाली. आपलाच आवाज तिला फार बारीक वाटला. "नळीत. मावश्यांबरोबर."

बाई हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या.

"खरं बोललीस, शाबास, असं मी आत्ता म्हणणार नाही. मला राग आलाय. काल मी आईला फोन करून सांगितलंय, माझी आई ऐंशी वर्षांची आहे, तिला यातलं काही कळत नाही, तरी ती रडली. थांब जरा."

आणि त्या थंड खोलीत गेल्या, कोट न घालता. टकळी स्टँडसमोर बसून राहिली. सहा भोकं पुढे, सहा मागे. पंधरा मिनिटांनी बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचं नाक लालभडक झालं होतं.

"आत ठेवून आले राग. तिथे टिकतो," त्या म्हणाल्या आणि टकळीच्या समोर बसल्या. "आता नीट ऐक. तू चूक केलीस हे आपल्याला माहीत नाही. केली नाहीस हेही माहीत नाही. काकू असेल, नसेल. होतो तिथेच आहोत, पण एक बरं, आता कुठे बघायचं ते कळलंय. उरलेली मावशी फेकलीस ना?"

"तुम्हीच सांगितलं होतं."

"मीच सांगितलं होतं," बाईंनी मान हलवली. "आणि पहिल्यांदाच एकटीला सोडलं तेही मीच. तर नवी मावशी करायला हवी. ती किड्यांच्या पेशींत वाढवावी लागते, मग वेगळी काढायची, स्वच्छ करायची. अकरा दिवस. सोमवारचं मी विभागप्रमुख सरांना सांगते, अजून शंका आहे म्हणून. ते म्हणतील, बघा, मी म्हटलंच होतं. म्हणू देत."

"आणि मग सहा नळ्या?"

"मग सहा नळ्या. मी करेन. सगळ्यात पक्कं करायचं तर दोघींनी करावं, वेगवेगळं, एकमेकींना न दाखवता, आणि शेवटी जेल शेजारी शेजारी ठेवावीत." बाईंनी गोंदाच्या बाटलीचं झाकण लावलं. "पण तू मंगळवारी समुद्रावर चाललीयस. जा. आल्या दिवसापासून सांगतेयस, समुद्र, समुद्र. मी तुला थांबवणार नाही, आणि थांब असंही म्हणणार नाही. माझा राग गेलाय असं समजून निर्णय घे. खरं तर अर्धाच गेलाय."

टकळीने त्या दिवशी किड्यांच्या पेशींच्या बाटल्या मोजून ठेवल्या, बर्फ भरला, टेबल पुसलं. पुसताना प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणाली, "हे पुसलं." बाईंनी पाठ फिरवली होती, पण त्यांचे खांदे थोडे हलले.

*

घरात बॅगांचा पसारा पडला होता. बाबांना तीन वर्षांनी सलग बारा दिवसांची रजा मिळाली होती. ते वाळूत रोवायची छत्री बैठकीच्या खोलीतच उघडून बसले होते आणि ती आता मिटत नव्हती. आई कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानातून येतानाच काळ्या काचांचे तीन चष्मे घेऊन आली होती. त्यातला एक तिने डोक्यावर चढवला होता, आणि मांडीवर टकळीचा पोहण्याचा पोशाख होता, नवा, निळा.

"घालून बघ गं," आई म्हणाली. "घट्ट झाला तर उद्याच बदलून आणते."

टकळी उंबऱ्यातच उभी राहिली. तिने एका दमात सगळं सांगितलं, ऊन, बर्फ, चौथी नळी, थंड खोली. बाबांनी छत्री सोडली.

"अगं, पण तुला नक्की माहीत नाही ना?" ते म्हणाले. "मग चूक कशावरून? उगाच कशाला अंगावर ओढून घेतलंस?"

"म्हणूनच, बाबा. मला माहीत नाही."

"बाई करतील की पुन्हा. एवढ्या मोठ्या बाई."

"करतील. पण मग त्यांच्या हाताने काय होतं तेवढंच कळेल."

आईने पोशाखाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "तू काय ठरवलंयस?" तिने विचारलं. तिचा आवाज असा होता की तिला उत्तर माहीत असावं.

टकळीने श्वास घेतला. निळ्या पोशाखाकडे एकदा बघून घेतलं, कारण तो खरंच सुंदर होता.

"मी समुद्रावर येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही दोघं जा. मी आत्याकडे राहीन, येताना तिला विचारून आले, ती म्हणाली ये, पण बडबड नऊपर्यंतच. अकरा दिवस मावशी वाढवणार, बाराव्या दिवशी सहा नळ्या लावणार, बाईंच्या वेगळ्या, माझ्या वेगळ्या. आणि पट्टी दिसली नाही, तर चौथ्या नळीत चूक माझी होती असं त्या फोटोखाली मीच लिहिणार, माझ्या अक्षरात."